सतराव्या झाडाचं पहिलं लिंबू

सतराव्या झाडाला चार लिंबं धरली होती. मंगळवारी सकाळी मोजली तर तीन भरली.

चारपर्यंत मोजायला माणूस चुकत नाही, तरी मी पुन्हा मोजलं. प्रत्येक लिंबावर आम्ही जाळीची पिशवी बांधतो, पिशवीला नंबर असतो. चौथी पिशवी जागेवर होती. तिची दोरी सोडून परत नीट गाठ मारलेली, आणि आत काही नाही. चोर काही इतका टापटिपीचा नसतो. म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचं जाळीघर पडघ्याच्या अलीकडे, गोदामांच्या रांगेच्या मागे आहे. ट्रकवाल्यांना वाटतं ही गुलाबाची नर्सरी. आत कागदी लिंबाची सव्वीस झाडं. त्यांच्या जनुकांत आम्ही बदल केलाय, खैऱ्या लागू नये म्हणून. खैऱ्या म्हणजे पानांवर, फांद्यांवर, फळांवर उठणारे तपकिरी खरबरीत फोड. असलं फळ बाजारात कोणी हातात धरत नाही आणि झाड वर्षावर्षानं वाळत जातं. माझ्या वडिलांची लिंबाची अकरा झाडं मी अशीच वाळताना बघितली, म्हणून तर नारपोलीहून रोज दोन रिक्षा बदलून इथे मरायला येते. गेल्या वर्षी आम्ही सगळ्या झाडांना मुद्दाम रोग लावला. पंचवीस झाडं फोडांनी भरली. सतराव्याच्या एका पानावरही डाग नाही.

सहा वर्षांत एक झाड! त्याची कलमं बांधायची तर वेगळी परवानगी लागते, आणि तो कागद चार महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. आमचे प्रितेश सर पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतात. “होईल गं दिशा, प्रोसेस असते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परवान्यात एक अट मात्र ठसठशीत होती: पान असो, फूल असो, फळ असो, जाळीबाहेर जायचं नाही. गेलं आणि परत मिळालं नाही, तर सगळी झाडं उपटून जाळायची.

आत कामाला फक्त ठकूमावशी. शेजारच्या पाड्यावरची. तीन वर्षं तीच पाणी घालते, तण काढते, झाडांशी बोलतेसुद्धा. ती झारी भरत होती.

“मावशी, सतराव्याचं लिंबू कुठंय?”

“ता व्हय?” ती हसली. “मी नेला. वाघोबाला दावला.”

“काय?”

“पयलं फल हाय ना बाय. नवं फल देवाला दावल्याबिगर ठेवू न्हाय. तुमी नुसतं मोजताव, फोटू काढताव. झाडाला नजर लागंल. रविवारी सुटताना नेला मी, कमरंला बांधून.”

तिच्या मते तिनं आमच्यावर उपकारच केले होते. तोंडावर काळजी होती, अपराध नव्हता. तीन वर्षांत मी तिला हजारदा सांगितलं होतं, इथलं काही बाहेर न्यायचं नाही. ते तिनं ऐकलंही होतं. पण तिच्या लेखी ते माणसांपुरतं होतं. देव काय बाहेरचा असतो का?

मी ओरडले. किती ओरडले ते आठवलं की आजही लाज वाटते. अक्कल काढली, देव काढला, पाडा काढला. ती झारी हातात धरून, मान खाली घालून उभी राहिली. मग मी तशीच पाड्याच्या वेशीवर पळाले. वाघोबाचा दगड साधाच, शेंदूर फासलेला, पुढे नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या, सुकलेला झेंडू. लिंबू नव्हतं. मी गवत चाळलं, दगडामागे हात घातला, दोन शेळ्यांकडे संशयानं पाहिलं. दोन दिवस झाले होते. माकडानं नेलं असणार, नाहीतर शेळीनं खाल्लं असणार. नाहीतर एखाद्या ट्रकवाल्यानं उचलून मिरच्यांबरोबर बंपरला बांधलं असेल, आणि ते एव्हाना नाशिकला पोचलं असेल.

लपवता आलं असतं. प्रितेश सर फोनवर चाचरत म्हणालेच, “गळून पडलं, कुजलं, असं नाही का लिहिता येणार?” नाही लिहिता येणार. गळालेलं फळसुद्धा वजन करून जाळावं लागतं. आणि खरं सांगायचं तर मला खोटं लिहायचंच नव्हतं. या झाडाला उद्या लोकांच्या बागेत उभं राहायचं असेल तर त्याच्या कागदावर खोटं नको, असा माझा बाणा. मी खरं लिहिलं: फळ बाहेर गेलं, मिळालं नाही.

आता टेबलावरचे कागद कसे धावले बघा! जे अधिकारी चार महिने कलमांच्या कागदावर सही करू शकले नाहीत, ते तीन दिवसांत गाडी करून हजर. शुक्रवारी सव्वीसही झाडं मुळासकट उपटली आणि मागच्या भट्टीत घातली. सतरावं शेवटी. ओलं होतं, लवकर पेटेना. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. बाहेर आले तेव्हा ठकूमावशी दाराशी उभी होती. तिला कामावरून काढल्याचं मघाशीच सांगितलं होतं. तिनं माझे लाल डोळे बघितले आणि ती गेली.

पुढचे दोन महिने माझं काम काय, तर रिकाम्या जाळीघरात कुठे काही उगवतंय का ते बघायचं आणि ‘काही नाही’ असं लिहून सही करायची. ज्या मातीत सहा वर्षं उगवावं म्हणून जीव काढला, तिच्यात आता काही उगवू नये म्हणून पगार.

एका गुरुवारी दुपारी गेटवरून वॉचमन पंढरीकाकांनी हाक मारली. ठकूमावशी आली होती. हातात तेलाचा डबा, वरून कापलेला. डब्यात बोटभर रोप.

“घे बाय. तुजं झाड.”

मला समजायला वेळ लागला. सहा पानं. हिरवीगार, स्वच्छ.

“कुठून आणलंस?”

“त्याच लिंबाचं. देवाला दावला न् परसाद घरी नेला. परसाद काय तिथं टाकायचा असतो? आमी घरच्या तिघांनी भातावर पिलून खाल्ला. बिया चुलीमागं लावल्या. चार आल्या, तीन शेलीनं खाल्ल्या. ही वाचली. तू रडलीस ना त्या दिवशी, तवाच ठरवला, उगवली तर तुला देयाची.”

मी डबा धरून उभी होते. त्या मंगळवारी त्या बिया पाड्यावर होत्या. चुलीमागच्या मातीत, पाच मिनिटांच्या वाटेवर. फळ खाल्लं गेलं, बिया परत मिळाल्या, असं लिहिता आलं असतं. मग सतरावं बहुधा वाचलं असतं.

“मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू इचारलास कुठं?” ती साधेपणानं म्हणाली. “तू वरडत व्हतीस.”

कागदी लिंबाच्या बीतून बहुतेक आईसारखंच रोप येतं. म्हणजे माझ्या हातात बहुधा सतरावंच होतं, जगातलं एकुलतं एक. पंढरीकाका खाकरले. “म्याडम, मी जरा चहा मारून येतो. मी काय बघितलं न्हाय.” आणि खरोखरच निघून गेले.

नारपोलीला आमच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं. मी जागासुद्धा ठरवली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. पण नंतर काय? चोरलेलं झाड कोणाला दाखवणार? त्याचं कलम कोण घेणार? फुलं आली की मधमाश्या येणार, आणि हे लिंबू खायला चालतं की नाही हे अजून कोणी तपासलेलं नाही. या तिघांनी भातावर पिळून खाल्लं ते सोडून. नियम मूर्ख असता तर मी आनंदानं मोडला असता. तो बरोबर होता, याचाच मला संताप येत होता.

मी मागे जाऊन भट्टी पेटवली. ठकूमावशी माझ्या मागोमाग आली.

“येला रोग लागलाय का?”

“नाही.”

“मंग का जालतंस?”

मी रोप डब्यातून मातीसकट काढून भट्टीत टाकलं. इतकंसं तर होतं, लगेच पेटलं.

ती जाळाजवळ आली. मग तिनं हात पुढे केला. मला वाटलं, माझ्या खांद्यावर ठेवेल.

“डबा दे,” ती म्हणाली. “माजा हाय.”