कागदी पिशवी

"बंद कर ते," वन्सं म्हणाल्या. "करमणूक म्हणून बघायचं तर बघ. शिकायला म्हणून बघू नकोस."

माझ्या मोठ्या नणंदबाई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. छकुलीला मांडीवर घेऊन मी पोलिसांची ती मालिका बघत होते आणि त्या दारात चपला काढत होत्या. पडद्यावर एक इन्स्पेक्टर कुठल्याशा मुलीचे फाटके कपडे चिमट्याने उचलून चकचकीत पिशवीत सरकवत होता.

"ओलसर कापड प्लॅस्टिकमध्ये कोंबतोय मूर्ख. बुरशी धरते त्याने. कागदी पिशवी लागते. आणि आधी दवाखाना, मग बाकीचं सगळं."

"असू दे हो वन्सं. चार गोष्टी कळतात तरी. मुलीची आई आहे मी."

"त्या चार गोष्टींचीच भीती वाटते मला," असं म्हणत त्या हात धुवायला गेल्या. मी आवाज थोडा वाढवला.

छकुलीला सांभाळणारी मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून पाळणाघर चालवते. प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळा आणि त्याच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचं बटण शिवलेलं. कोण कान चोळल्याशिवाय झोपत नाही, कोणाला दूध कोमट चालत नाही, सगळं तिला पाठ.

संध्याकाळी मुलांना न्यायला आम्ही आया जमायचो, नेमकी तेव्हाच मावशीच्या टीव्हीवर ती मालिका पुन्हा दाखवत. एखादं पोर झोपलेलं असायचं म्हणून आवाज बंद. मग संवाद आम्हीच म्हणायचो.

"आता टेबलावर हात आपटणार."

"आपटला बाई."

"आता थोबाडीत. की लगेच कबुली."

हसायचो आम्ही. आणि पडद्यावरची ती मुलगी कायम एकाच साच्यातली. कोवळी, बाही फाटलेली, ओठाला रक्त, तोंडातून शब्द फुटत नाही. एखादी बाई नीट, सरळ बोलली की समजायचं, शेवटी ही खोटी निघणार. "डोळ्यांत टिपूस नाही बघ हिच्या," असं आमच्यातली कोणीतरी म्हणायची आणि ती खोटीच निघायची. आम्हाला आमच्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

एकदा मी कामावरून लवकर सुटले, म्हणून इतरांच्या आधी पोहोचले. मावशीने दार उघडलं आणि नेहमीसारखी हसली. पण तिच्या अंगाला आंबूस वास येत होता, ही एवढी टापटिपीची बाई असून. आतल्या खोलीत एका कोपऱ्याभोवती मुलांची उडी मारायची दोरी बांधलेली होती. खुर्च्यांच्या पायांना गाठी मारून, चौकोनात.

"हे काय गं मावशी?"

"मुलांना सांगितलंय, रंग ओला आहे म्हणून." मग छकुलीच्या बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली, "गुंडूच्या बापाने परवा माझ्यावर जबरदस्ती केली. तिथे."

गुंडू पाळणाघरातलाच, त्याचे बाबा चौथ्या मजल्यावर राहतात. सोसायटीच्या बैठकीत अध्यक्षांच्या शेजारी बसतात.

"बाकीची पोरं गेली होती. गुंडू आत झोपला होता. म्हणून ओरडले नाही मी. दचकला असता."

"आणि काल?"

"काल पुन्हा आले न्यायला. दिला गुंडू. शर्टाचं बटण तुटलंय, लावून घ्या म्हटलं." तिने नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "दुसरं काय करणार होते? पोर त्यांचं आहे."

तिने कपाट उघडलं. त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली, वरच्या कागदावर तारीख. आत कपडे. पिशवीच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती.

"आंघोळ नाही केली मी अजून. पुरावा जातो ना. पोलिसांना फोन केला, तर म्हणाले इकडे या. मला वाटलं तेच येतात, ठसे घ्यायची पावडर-बिवडर घेऊन. आणि पोरांना सोडून जाऊ कशी? आज येतील, उद्या येतील म्हणून वाट बघतेय."

मी वन्संना फोन केला. प्लॅस्टिक म्हटल्यावर त्यांनी आधी 'कधीपासून' एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "तू कशालाही हात लावू नकोस. कागदी पिशव्या घेऊन येते मी."

दवाखान्यात कपडे कागदी पिशवीत घातले, प्लॅस्टिकची पिशवीही सोबत घेतली आणि तिथून आम्ही तिघी ठाण्यावर गेलो. मावशी सरळ बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. विचारलं तेवढं नीट सांगत होती.

"दुसऱ्या दिवशी पाळणाघर उघडलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मुलं येणार होती."

"आणि मूल त्याच माणसाच्या हातात दिलंत."

"त्याचा बाप आहे तो."

त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीवरची चिकटपट्टी आणि तारीख बघितली. "आंघोळ नाही, कपडे बंद, वर तारीख. हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"टीव्हीवर बघितलं," मावशी म्हणाली. खरं बोलायची सवय आहे तिला.

अधिकारी शेजारच्या हवालदाराकडे बघून हसला. "ऐकलंत का. तालीम करून आल्यात."

"तक्रार लिहा साहेब," वन्सं म्हणाल्या. "तुमचं हसणंही लिहायचं असेल तर तेही लिहा. मी खाली सही करते."

त्याने लिहिली. पण लिहिताना तो मावशीच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत होता आणि ती नजर मला ओळखीची वाटली. मावशीच्याच बैठकीत, चपला न काढता उभ्या उभ्या, आम्ही त्याच नजरेने पडद्यावरच्या बाईकडे बघायचो.

ती मालिका लिहिणाऱ्यांना काय म्हणावं? मालिकेतल्यासारखं वागलं की बाई नाटकी, तसं नाही वागलं की खोटी. तिने दोन्ही केलं. पिशवी त्यांच्यासारखी बांधली आणि रडली मात्र नाही. त्यांच्या मालिकेत कोणी गुंडूला का दाखवत नाही, झोपलेला? दोन जाहिरातींच्या मध्ये एका बाईचं अंग विकायचं, वर जनजागृती म्हणून छाती पुढे काढायची. निर्लज्ज आहेत मेले.

कपड्यांना बुरशी धरली होती. त्यावरून काहीच सांगता येत नाही, असा अहवाल आला. केस चालू आहे म्हणतात. गुंडूचे बाबा जामिनावर आहेत. लिफ्टमध्ये भेटले की छकुलीला 'काय म्हणतेस' म्हणून विचारतात. मी तिला कडेवर घेते आणि जिन्याने जाते.

आयांच्या ग्रुपवर चर्चा झालीच.

"तिच्याकडे बघून वाटत नाही हो असं काही."

"परवाच हसत होती माझ्याशी."

"वहिनी, गुंडूच्या बाबांचाही संसार आहे. उगाच एका बाईच्या सांगण्यावरून..."

मी लिहिलं, "एका बाईच्या सांगण्यावरूनच तुम्ही तुमची मुलं दिवसभर तिथे ठेवत होतात ना? जेवला म्हणाली की जेवला, झोपला म्हणाली की झोपला." कोणीतरी फुलांचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' केलं.

मुलं एकेक करून कमी झाली. खिडकीबाहेरच्या दोरीवर टॉवेलांची रांग असायची. काल छकुलीचा तेवढा होता, लाल बटणाचा, आणि तोही मावशीने नेहमीसारखा अगदी कडेला वाळत घातला होता. बाकीच्यांना जागा सोडून.

टीव्ही तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

हे वाचून झालं की एक काम करा. तुमच्याही ओळखीत कोणीतरी असेल, जी वेळेवर दार उघडते, मुलाची बाटली भरून देते, तुटलेलं बटण तुमच्या लक्षात आणून देते. आज तिच्याकडे जा. बेल वाजवा, चपला काढा, आत जाऊन बसा. ती हसेल. हसली म्हणून परत फिरू नका.