झालंच समजा

साहेब, तो चौथा रकाना तुम्ही आखलात. आता अंगावरचं झुरळ झटकावं तसा झटकू नका. मुकादमाने सुचवलं, गिऱ्हाइकाला हवं होतं, सगळीकडे असंच चालतं, ही कारणं घरी ठेवून या. निळा मार्कर तुमच्या हातात होता. फळ्यासमोर उभे असलेल्या सगळ्यांनी तो पाहिला. बाकीचे गप्प बसतील, त्यांची सवय आहे. ती बसणार नाही.

तिला ऑफिसात 'नाट' म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. सगळे हुश्श करून खुर्च्या मागे सरकवायचे, घरी जायची भाषा करायचे, आणि नेमकी तेव्हा ही मान वर काढून म्हणायची, "एक मिनिट, हे चालत नाहीये." झालं, लागली नाट!

कंपनी सल्लागारांची. म्हणजे लोकांना सॉफ्टवेअर लिहून द्यायचं आणि ते कसं लिहावं याचं शहाणपण वर वेगळं विकायचं. या खेपेचं गिऱ्हाईक लिफ्ट बनवणारं होतं. कुठला मजला आला, दार कधी उघडायचं, हे ठरवणारा लिफ्टचा मेंदू या टीमने लिहायचा होता. भिंतीवर पांढरा फळा. त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. एकेका कामाची एकेक चिकट चिठ्ठी, आणि काम सरकेल तशी चिठ्ठी सरकायची. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून आपापलं काम सांगायचं. तिला नाव 'उभी बैठक'. बैठक, आणि तीही उभी! हे ऐकून पहिल्या दिवशी एकही माणूस हसला नाही, तेव्हाच नाटने ओळखलं की इथलं काही खरं नाही.

टीमचा प्रमुख हजेरी घेतल्यासारखा बोलायचा, म्हणून तो मुकादम. एकदा उभी बैठक चालू असताना गिऱ्हाइकाचा फोन आला. दरवाजांचं काम झालं का?

"झालंच समजा, सर!" मुकादम म्हणाला.

आता हे कोण म्हणत नाही? शिंपी म्हणतो, प्लंबर म्हणतो. झालेलं नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यात कोणी कोणाला फसवत नाही, वेळ मारून नेतात इतकंच. पण साहेब, कंपनी तुमची, आणि त्या दिवशी तुम्ही मागे उभे होतात. तुमचे डोळे लकाकले. तुम्ही पुढे झालात, मार्कर उचललात आणि 'चालू' आणि 'झालं' यांच्या मधोमध एक रुंद रकाना आखलात. वर झोकात लिहिलंत: झालंच समजा.

"आपली गती इथेच अडत होती," तुम्ही म्हणालात. टाळ्या पडल्या.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या चिठ्ठ्या त्या रकान्यात जाऊन बसल्या. आठवड्याभरात तो रकाना फळा सोडून भिंतीवर आला, भिंतीवरून खिडकीच्या काचेवर. मग त्याची बाधा कामाबाहेरही झाली. बंद पडलेला एसी 'झालंच समजा'त गेला, तशी हिशेब खात्यातली बाई स्वेटर घालून यायला लागली आणि घामाने निथळत म्हणायला लागली, "कमी करा रे जरा, गारठले." कॉफीचं मशीनही दुरुस्त झालंच समजण्यात आलं. लोक रिकामे कप तोंडाला लावून खिडकीशी उभे राहू लागले. कोणीतरी फुंकरही मारायचं.

अशात नाटला ती चूक सापडली. वीज जाऊन परत आली की लिफ्ट आपण कुठे आहोत ते विसरते, आणि सरळ समजते की आपण तळमजल्यावर आहोत.

"अगं, समजू दे की," ज्याने ते लिहिलं होतं तो म्हणाला. त्याला सगळे जावई म्हणत, कारण तो आपला कप कधी विसळायचा नाही आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही. "माणसाला नाही का होत असं? झोपेतून उठल्यावर?"

"माणूस उठून सहा मजले वर जात नाही रे! चौथ्यावर अडकलेल्या लिफ्टला सहाव्याचं बटण दाबलं तर ती तिथून सहा मजले वर मोजणार. वर सहा मजले आहेत का? वर छप्पर आहे!"

मुकादम मध्ये पडला. "नीट करायला किती वेळ लागेल?"

"पुढचा सगळा आठवडा."

"आणि समजायला?"

"समजायला काय, लगेच."

मुकादमाने चिठ्ठी उचलली आणि चौथ्या रकान्यात चिकटवली. नाटने ती काढून परत 'चालू'त लावली. दुपारी ती पुन्हा चौथ्यात होती. नाटने पुन्हा काढली. शेवटी मुकादमाने चिठ्ठीवर चिकटपट्टी मारली आणि नाटला कोपऱ्यात घेऊन हसत म्हणाला, "तू रुसू नकोस. तुझ्यासाठी गोड बातमी आहे. नवीन मेंदू पहिल्यांदा कुठे बसवतोय माहितीये? तुझ्याच इमारतीत!"

"तिथे माझे बाबा राहतात!"

"मग तर घरचंच काम झालं."

बाबा बसचे कंडक्टर होते. आता निवृत्त, नवा गुडघा बसवलेला, हातात काठी, राहायला सहाव्या मजल्यावर. मेंदू बसवायच्या दिवशी सकाळी निघताना नाटने त्यांना बजावलं, "आजपासून लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही."

"मग उतरू कसा? गॅलरीतून उडी मारू?"

"घरात बसा थोडे दिवस."

"जन्मभर लोकांना 'पुढे चला' म्हणून सांगितलं, आणि आता मी घरात बसू? बरं, बसलोच समज."

नाटने मागे वळून पाहिलं. ते काठीशी खेळत छताकडे बघत होते.

दुपारी फोन वाजला.

"अगं, मी लिफ्टमध्ये आहे. वीज गेली होती, आली. ही बया म्हणतेय तळमजला आला. दारही उघडलं. समोर भिंत!"

"बाबा! बाहेर पाय टाकू नका!"

"टाकू कुठे, भिंतीत? वर हातभर फट आहे, त्यातून कोणाच्या तरी चपला दिसतायत. आपल्या चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या दिसतात. टाच झिजलेली आहे."

"एकही बटण दाबू नका. ऐकताय ना? एकही!"

"मी नाही दाबत. पण सहाव्यावरून कोणी दाबलं तर?"

नाटने फोन कानाला तसाच धरला आणि जावयाच्या टेबलाकडे धावली. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर तिची इमारत उघडीच होती. तिच्यासमोर हिरव्या अक्षरांत: प्रवासी तळमजल्यावर पोहोचला.

"पोहोचले की," जावई म्हणाला.

"ते भिंतीसमोर उभे आहेत! लिफ्ट इथून बंद कर!"

"चालू असती तर बंद केली असती ना. यात ती आधीच थांबलेली दिसतेय."

मुकादमाने सगळ्यांना फळ्यासमोर बोलावलं. तातडीची उभी बैठक. नवी चिठ्ठी लिहिली: 'नाटचे बाबा बाहेर काढणे'. ती 'करायचं'मध्ये लागली. आवाज ऐकून साहेब, तुम्ही केबिनमधून बाहेर आलात. चिठ्ठी वाचलीत. नाटच्या खांद्यावर हात ठेवलात. "काळजी करू नकोस." आणि ती चिठ्ठी उचलून थेट चौथ्या रकान्यात लावलीत. 'चालू'लासुद्धा हात लागू दिला नाहीत. टाळ्या पडल्या. स्वेटरवाल्या बाईने डोळे पुसले.

"टाळ्या कसल्या गं?" फोनमधून बाबांनी विचारलं.

"तुम्ही सुटलात म्हणून."

"असं होय? मग मला कळवायचं होतं."

नाट जिन्याकडे पळाली. पळता पळता तिने बंबवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने दोनच प्रश्न विचारले. "आत माणूस आहे?" आहे. "पत्ता?" दिला. "कोणाला तरी मेन स्विच बंद करायला सांगा. निघालो." नाटचा फोन जाताच तळमजल्यावरच्या शेजारणीने हातातलं शिवण टाकून स्विच खाली ओढला. नाट पोहोचली तेव्हा दोन बंबवाले चौथ्या मजल्यावर आडवे पडून दार फाकवत होते. फटीतून आधी काठी आली, मग बाबा आले. एका बंबवाल्याने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि नाटला म्हणाला, "काढलं बाहेर."

पुढे 'समजा' न लावलेलं वाक्य तिने किती दिवसांनी ऐकलं होतं! ती मास्तरांच्या चपलांशेजारी बसली आणि हमसून हमसून रडली. बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "रडू नकोस. माझंच चुकलं. उगाच शब्द दिला मी सकाळी."

इथपर्यंतसुद्धा एक वेळ माफ झालं असतं, साहेब. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच इमारतीत आलात. फुलांचा गुच्छ, फोटो काढणारा माणूस, लिफ्टच्या दाराला लाल फीत. पहिली इमारत यशस्वी. उद्यापासून शहरातल्या साऱ्या इमारतींत हाच मेंदू. मुकादम मागे कात्री घेऊन उभा. बाबा पायऱ्यांवर बसलेले, नाट त्यांच्या शेजारी.

"चूक दुरुस्त केलीत?" नाटने उठून विचारलं.

"झालंच समज," मुकादम म्हणाला.

तुम्ही फीत कापलीत. दार उघडलं. आतला दिवा छान होता, आरसाही स्वच्छ होता. फोटोवाला म्हणाला, "साहेब, एक फोटो आतमध्ये. सहाव्यावर जाऊन येऊ."

तुम्ही उंबऱ्याशी थांबलात. बुटाचं टोक आत गेलं, परत आलं. इमारतीतली सगळी माणसं जिन्यावर उभी होती. विजेचा दिवा जरासा लुकलुकला. आणि तुम्ही हसत हसत म्हणालात, "चढलोच समजा."

कोणी टाळी वाजवली नाही.

बाबा काठी टेकत उठले. घोळक्यातून वाट काढत तुमच्यासमोर आले. ज्या आवाजाने त्यांनी भरलेल्या बसच्या दारात लोंबकळणारी माणसं उभा जन्म हाकलली, तोच आवाज त्यांनी लावला.

"ओ साहेब! दारात उभं राहायचं नाही. उद्या शहरभर लोक यात चढणार आहेत. समजायचं काम आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त सांगा, चढताय की नाही?"