जागचा न हलणारा डाग

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पितळेची, हातभर लांब आणि स्वभावाने जरा मानी. चंद्र-तारे बघणाऱ्या माझ्या बहिणी वेगळ्या. माझं काम दिवसाउजेडी. एका चष्मेवाल्याने भिंगं घासून मला घडवलं आणि वेधशाळेच्या गच्चीवर बसवलं. सूर्याला थेट डोळा लावायची कोणाची टाप आहे? म्हणून मी त्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडते.

तिथले एक निरीक्षक रोज सकाळी त्या बिंबातले काळे डाग पेन्सिलीने टिपायचे. हे डाग अकराएक वर्षांत वाढतात आणि पुन्हा ओसरतात. त्यांचा आपल्या थंडी-पावसाशी काही संबंध आहे का, एवढ्या एका प्रश्नापायी निरीक्षकांनी तीस वर्षं घातली. लोक त्यांना 'डागवाले' म्हणून चिडवायचे. त्यांचा एक हट्ट होता, कालचा कागद आज बघायचा नाही. "कालचं बघितलं की हात कालचंच काढतो," म्हणायचे.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांची लेक आली. ती हवामान खात्यात. हे सगळे कागद ती थंडीच्या नोंदींशी ताडून बघणार होती. चाळता चाळता ती थबकली.

"बाबा, सूर्य स्वतःभोवती फिरतो, डाग सरकतात. मग हा एक डाग जागचा हलत कसा नाही?"

तिने माझं डोळ्याकडचं भिंग फिरवलं. कागदावरच्या बिंबातला तो डागही गर्रकन फिरला! तो सूर्यावर नव्हताच, माझ्याच भिंगावर बुरशी धरली होती. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरीक्षकांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "तीस वर्षं पाण्यात गेली गं."

"आधीच कसले हातपाय गाळता, बाबा!" म्हणत ती एकेक कागद मागे उलटत गेली. एकोणचाळीस कागदांमागे तो डाग गायब! त्याआधीची सगळी वर्षं स्वच्छ होती.

"तुम्ही रोज नव्याने, दिसेल तेच काढलंत, म्हणून तो बरोब्बर एकाच जागी आहे. तेवढा वगळला की झालं."

हुश्श! माझ्या जिवात जीव आला. निरीक्षक हसत होते आणि डोळेही पुसत होते.

पुढे ताळा झाला. कमी डागांच्या काही वर्षांत थंडी किंचित जास्त निघाली, पण खात्रीने सांगता येत नाही, असं लेकीने स्पष्ट लिहिलं. निरीक्षक म्हणाले, "चला, प्रश्न तरी खरा निघाला!"

मग त्यांनी मऊ फडक्याने मला पुसलं. "पावसात टोपण लावायला मीच विसरलो, बये. तुला कशाला बोल लावू?"

मित्रांनो, आम्ही तुम्हाला सूर्यावरचे डाग दाखवतो. आमच्यावर काय साचलंय, ते मात्र आम्हाला दिसत नाही. तेवढं तुम्ही बघत जा.