मिरची न झोंबणारा हात

आंध्रातली मिरची अशी तिखट, का मळ्यावरून कावळा उडाला तं ठसकून खाली पडते अन् पडल्यापडल्या पानी मांगते. डोळ्यानं पाह्यलेली बाई हाय गावात. त्या मिरचीच्या तोडाईले सिरोंचाकडची मानसं फागुनात गाड्या भरभरून जात. त्यात दहा वर्साची सोमारी सगळ्यात पुढं. मोठ्या बायांचे हात भडकत, शेनात खुपसून बसत बिचाऱ्या. सोमारीच्या उजव्या हाताले काईच नाई. चुलीतला निखारा बोटानं सरकवे. हातावर पांढुरका चट्टा होता. तो देवीनं ठेवला, असं तिची माय कलाबाई सांगे. मिरची झोंबू नये म्हनून गाडीत बसाच्या आधी बाया आपले हात त्या हातावर घासून घेत.

त्या वर्सी बी घासनं चालू होतं, तं सायकलीवर दवाखान्याची नर्सबाई आली. चट्टा पाहून थांबली.

"डोळे मीट वो पोरी. पेन टोचीन, कुठी टोचलं तिथी बोट ठेव."

सोमारीनं डोळे मिटले. नर्सबाईनं पाच डाव टोचलं.

"टोच ना वो बाई, काऊन थांबली?"

बाया खदखदल्या. नर्सबाई नाई हासली.

"कलाबाई, महारोग हाय हा. हात मरून राह्यला पोरीचा. बोटं वाकडी होतीन, जखम झाली तं समजनार नाई. गोळ्या फुकट हायत, बरा होते. पन दर महिन्याले एक डोज माह्यासमोर गिळा लागते. तोडाई बंद."

बाया पदराले हात पुसू लागल्या.

"घासल्यानं नाई लागत वो, उगीच भिऊ नका!" नर्सबाई म्हने.

मुकादम जंगू गाडीतून वरडला, "तिच्या हाताच्या भरवशावर तं तुले नेतो, कलाबाई! पोरगी नाई तं तू बी नको."

नर्सबाईनं पिशवीतून गोळी काढून कलाबाईपुढं धरली.

"बाई, हे खाल्लं तं मिरची झोंबन का तिले?"

"हात जागा झाला तं झोंबन. झोंबालेच पाह्यजे."

"मंग मले नको," सोमारी म्हने.

कलाबाई गाडीत चढली. दोघींचं गाठोडं खाली फेकलं, मांगून सोता उतरली. गाडी गेली.

मंग कलाबाईनं नर्सबाईच्या हातातली गोळी घेतली, सोमारीचा जबडा धरला अन् तोंडात टाकली.

"गिळ. अन् झोंबलं का रड. मले आयकाचं हाय."