डावा प्रसाद

डावा प्रसाद पडला म्हणे! ह्यांनी पायरीवर चपला काढता काढता एवढेच सांगितले आणि लेंग्याआडची लघवीची पिशवी सावरत पडवीत बसले. देवानेच नको म्हटले, म्हणजे विषय संपला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या महिन्यात ह्यांची लघवी तुंबली, तेव्हा पेडण्याहून म्हापशाला पोचेपर्यंत हे रिक्षात नुसते विव्हळत होते. तेव्हा घातलेली नळी अजून तशीच आहे. पणजीचा डॉक्टर स्पष्ट म्हणाला, प्रोस्टेट वाढलंय, नळीवर दिवस ढकलू नका, जंतू किडनीपर्यंत जातील. चिरफाड नाही. लघवीच्या वाटेने आत गरम वाफ द्यायची, वाढलेला भाग हळूहळू आकसतो, संध्याकाळी घरी. मंगळवार ठरलासुद्धा होता. पण आमच्यात मोठ्या कामाआधी देवाला विचारायची रीत. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

नकार? देवाला काय नळी लावलीय? असे मनात आले आणि मी गालात मारूनही घेतले नाही. पदर खोचला आणि निघाले. प्रश्न नीट मांडून पुन्हा प्रसाद लावता येतो. देवाशी भांडायची माझी पुरी तयारी होती.

नारायण गुरव स्वतःच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत बसला होता.

"प्रसाद?" तो म्हणाला. "आमच्या घरात सोयर आसा, वयनी. सुनेक चेडू झाला. आयतवारापासून प्रसाद बंद. आनी तुमचो घोव गुरुदास तर हय इलोच नाय."

मी पाय आपटत घरी आले. हे चहात पोईचा पाव बुडवून खात होते. खात होते!

"देवाच्या नावान फटी मारल्यात?" मी ओरडले. शेजारी ऐकतील तर ऐकू देत. "भियालात तर माका सांगूचा होता. देवाक कित्याक मदी घातलात?"

हे मान खाली घालून म्हणाले, "माझो थोरलो दादा म्हणता, थंय वाफ दिली काय पुरुष म्हणान काय उरना नाय. मगे तुका काय वाटात?"

"डॉक्टराक विचारलात?"

"लाज दिसली."

लाज! माझा संताप संताप झाला. किडनी गेली तरी चालेल, पण ह्यांची लाज राहिली पाहिजे.

"राती उठूक लागलात, तेव्हापासून तुमी पडवेत निजतात," मी म्हणाले. "बाजूक माणूस आसता ता मी विसरलंय. आनी तुमी माका राखूक निघालात?"

ह्यांनी पोई खाली ठेवली. मी डॉक्टरला फोन लावला, मंगळवारी येतो म्हणून सांगितले आणि फोन ह्यांच्या हातात कोंबला.

"विचारा आता. मोठ्यान विचारा. माकाय आयकूचा आसा."