कोनशिलेची मागची बाजू

"दवाखान्याचं पुन्हा भूमिपूजन आहे. हीच उलटी करा, काका. मागची बाजू कोरी आहे," टेम्पोतून दगड उतरवून घेत कंत्राटदार म्हणाला.

पाथरवटानं दगडावरची लाल धूळ फडक्यानं पुसली आणि त्याचा हात थबकला. अक्षरं त्याचीच होती. रुग्णालयाची कोनशिला, ऐन उमेदीत कोरलेली. तेव्हा समोरचा लोखंडाचा डोंगर अख्खा होता आणि त्याच्या पैशानं गावाचं सोनं होईल असं सगळ्यांना वाटायचं. त्यालाही वाटायचं.

"नवा दगड मंजूर असेल ना?"

"आहे की! कागदावर ऐटीत बसलाय." कंत्राटदार हसला. "तुमच्यापासून काय लपवायचं? ही तुम्ही माझ्या बाबांनाच करून दिली होती. फक्त पुढचं सगळं घासून टाका. त्या जुन्या मंत्र्याचं नाव कुणी पाहिलं, तर माझं बिल अडकायचं."

अक्षरांत सोनेरी रंग भरला होता त्याच्या बायकोनं. 'रुग्णालय'मधल्या 'ण'च्या बाहेर ओघळ गेला, तेव्हा तो खेकसला होता.

"ओरडताय काय? दवाखाना झाला की पहिली खाट माझी," ती म्हणाली होती. "मग ओघळ बघायला रोज या."

डोंगर निम्मा झाला, दवाखान्याची वीटही चढली नाही. आजारी बायकोला शहराकडे नेताना ती वाटेतच गेली. पुढं खनिजाच्या ट्रकांची रांग हलतच नव्हती.

ओघळ मात्र तसाच होता. नाही म्हणावं, तर दगड दुसऱ्याकडे जाईल आणि तो सगळंच घासेल.

"नाव घासतो," तो म्हणाला. "'रुग्णालय' राहू द्या. भिंतीकडची बाजू कोण बघतंय?"

"तुम्ही पण ना, काका! बरं, राहू द्या."

त्यानं नाव घासलं. मग बायकोची जुनी शाल अंथरली, तिच्यावर दगड पालथा घातला आणि तोच शब्द पुन्हा कोरायला घेतला.

दगड न्यायला आलेला कंत्राटदार गोंधळला. "रंग नाही भरलात?"

"रंग मी कधीच भरला नाही."

माणसांनी दगड शालीसकट टेम्पोत चढवला.

"अहो, शाल राहिली की खाली!"

"असू द्या. खालच्या अक्षरांना चरे पडतील."

टेम्पो रस्त्याला लागला, खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत शिरला आणि थांबला. रांग हलेपर्यंत पाथरवट दारात उभा राहिला.