निरुपयोगी, परंतु निरुपद्रवी

डॉक्टरांचं नाव झालं ते एका अहवालामुळे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी डोकेदुखीवरच्या एका पिवळ्या गोळीची बाराशे माणसांवर तपासणी केली होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेची. डोकं दोघांचंही सारखंच दुखत राहिलं. अहवालाचं शेवटचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं: 'गोळी निरुपयोगी, परंतु निरुपद्रवी.' गोळी बाजारातून उठली, ती बनवणारा कारखाना बसला आणि डॉक्टरांना प्रयोगशाळेत खिडकीची खोली मिळाली.

आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते एका परजीवीच्या मागे लागले होते. हा जंतू बारीक माशीच्या चाव्यातून अंगात शिरतो, चेहऱ्यावर व्रण उठतो आणि वर्षानुवर्षं भरत नाही. रोग गरिबांचा, म्हणून नवं औषध शोधायची कुणाला घाई नव्हती. मग जुन्याच औषधांत काही सापडतं का, ते बघायचं ठरलं. चालू आणि बाजारातून उठलेल्या औषधांच्या नऊशे बाटल्या आल्या. मन एकीकडे झुकू नये म्हणून त्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. सहायक बाई एकेक थेंब जंतूंवर टाकायच्या आणि डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून किती जगले ते मोजायचे.

आठ महिने जंतू मजेत होते. मग सहाशे तेरा नंबरच्या बाटलीनं एका दिवसात सगळे मारले. दुसऱ्यांदा मारले, तिसऱ्यांदाही. बाईंनी नावांचा बंद लिफाफा फोडला आणि नाव दोनदा वाचलं.

"सर, तुम्ही बसून घ्या."

"बसलोच आहे की."

"मग ठीक आहे," म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवला.

डॉक्टरांनी प्रयोग आणखी चारदा करवला. आयुष्यात पहिल्यांदाच प्रयोग फसावा असं त्यांना वाटत होतं. तो काही फसला नाही.

ती पिवळी गोळी आता कुठेच बनत नव्हती. कृती फक्त त्या जुन्या कारखानदाराकडे होती. "पत्र पाठवतो," डॉक्टर घरी म्हणाले. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पत्र कसलं पाठवताय? माणसाच्या पोटावर पाय दिलाय तुम्ही. स्वतः जा."

कारखानदार आता शर्टाची बटणं बनवत होता. त्यानं डॉक्टरांना लगेच ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे गोळी चांगली होती," तो म्हणाला.

"डोकेदुखीला नाही. डोकेदुखीला ती आजही निरुपयोगीच आहे."

"ते मला तेव्हाही माहीत होतं."

गेली दोन दशकं या माणसावर अन्याय तर झाला नाही ना, अशी एक चुटपुट डॉक्टरांना अधूनमधून लागायची. ती एका वाक्यात गेली आणि तिच्या जागी राग आला. पण गरज त्यांची होती.

"कृती देता का?"

"देतो. बनवतोही मीच. बटणांत जीव रमत नाही हो." कारखानदारानं कपाटातून जुनी वही काढली. "फक्त खोक्यावर तुमचं ते वाक्य छापायचं नाही."

पुढचा अडथळा परवानगीचा. हे औषध माणसाला सोसतं याचा पुरावा द्या, असं औषध-परवान्याच्या कार्यालयानं कळवलं. नव्यानं तपासायचं तर पाच वर्षं गेली असती. पण बाराशे माणसांची, रक्ताच्या चाचण्यांसकट, काटेकोर तपासणी आधीच झालेली होती. डॉक्टरांनी आपलाच अहवाल अर्जाला जोडला. ज्या वाक्यानं गोळी मेली, त्याच्याच उत्तरार्धावर ती चार महिन्यांत परत आली.

पहिल्या चाळीस रोग्यांतल्या एकतीस जणांचे व्रण भरले. नऊ जणांचे भरले नाहीत, आणि का ते अजून कळलेलं नाही.

बरं झालेल्यांत एक शिंपीण होती. गालावरच्या व्रणामुळे तीन वर्षं ती गिऱ्हाइकांकडे पाठ करून मशीन चालवायची. शेवटच्या तपासणीला ती गोळ्यांचं पाकीट घेऊन आली.

"डॉक्टर, ही पिवळी गोळी माझी आई घ्यायची, डोक्यासाठी. मग कुणीतरी ती बंद पाडली म्हणे."

"हो, पाडली."

"आई फार शिव्या घालायची त्याला. कोण होता तो?"

"मीच."

तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ते थट्टा करताहेत असंच तिला वाटलं असावं, कारण ती मोकळेपणानं हसली. गाल ताणला गेला तरी दुखला नाही, हे तिच्या हसता हसताच लक्षात आलं आणि तिनं तिथे हळूच बोट लावून पाहिलं.

डॉक्टरांनी खुलासा केला नाही. तिच्या कार्डावर त्यांनी 'बरी' असं लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.